या आसपास राहणारी

अक्षदा एकही पाऊल न उचलता, पाय घाशीत फ्रिजपर्यंत गेली आणि तिथे उभी राहून पोटातून हसली. हा… हा… हा… मी दचकले आणि भाकरी तव्याबाहेर पडली. खालची मल्याळी बाई भांडायला येईल म्हटलं, तर म्हणे, "इट्स प्रॅक्टिस, मम्मी."

दोन हजार चार साल. बारावीची परीक्षा संपली होती आणि शाळेत एक जपानी बाई मुलांना क्योगेन शिकवायला येत होती. क्योगेन म्हणजे त्यांच्याकडचं जुनं हसवायचं नाटक. पडदा नाही, सामान नाही. धन्याने नोकराला मासा आणायला धाडायचं, त्याने तो वाटेतच फस्त करायचा आणि घरी येऊन मांजरावर आळ घालायचा. पहिल्यांदा बघून आली त्या दिवशी पोरगी जेवताना एकटीच हसत होती. मला बरं वाटलं. जूनमध्ये तिला पुण्याला होस्टेलवर धाडायचं ठरल्यापासून ती आमच्याशी धड बोलत नव्हती. जन्म इथला, कुवेतमधल्या खैतानातला, पण पुढच्या शिक्षणाची इथे आम्हाला परवडेल अशी सोय नव्हती. गावाला बायका तिला कुवेतवाली म्हणत, इथे ती इंडियन. बिचारीने करायचं काय?

शाळेतल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती तोंड पाडून बसली. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. या नाटकात पात्र येतं ते आधी सांगतं, मी या आसपास राहणारा. बाईंनी सांगितलं होतं, आपापल्या भाषेत म्हणा. नेमकं तेच वाक्य हिच्या तोंडून निघेना.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "यू आर सेंडिंग मी अवे."

आमचे हे नुकतेच शुऐबाच्या रिफायनरीतून आले होते. तिथे पंप दुरुस्त करतात, बोलणं बेताचं. बूट काढता काढता म्हणाले, "गावच्या नमनाच्या खेळात मी मावशी व्हायचो."

हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मावशी म्हणजे काय, असं अक्षदाने विचारलं. यांनी डोक्यावर टॉवेल घेतला, कमरेवर हात ठेवला आणि खो खो हसत असे काही मुरडत चालले की मला माझ्या सासूबाई आठवल्या. पोरगी हसून लोळायला लागली.

"मिशी होती मला तेव्हा," हे म्हणाले. "कोणी विचारलं नाय, तू बाई हायस काय. उभं राह्यचं आणि म्हणायचं. झालं."

दुसऱ्या दिवशी यांची ड्युटी लांबली. अगदी आयत्या वेळी कामाच्या कपड्यांतच आले आणि हॉलच्या दाराशी उभे राहिले. मी आत बोलावलं, तर तेलकट बाह्यांकडे बोट दाखवलं. माझ्या बाजूला एक कुवेती बाई होती. आमच्या मधल्या खुर्चीवर तिची मोठी पर्स होती.

अक्षदा पाय घाशीत आली. थांबली. थांबलीच. मग सदा इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक खणखणीत मराठीत म्हणाली, "मी इथलीच. या आसपास राहणारी."

अजून विनोद झालाच नव्हता, तरी दाराशी हे मोठ्याने हसले, कालचं मावशीचं हसू. मला रडू आवरेना. कुवेती बाईने विचारलं, काय म्हणाली मुलगी? मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, ती म्हणते, मी इथली आहे.

बाई हसली नाही. तिने स्टेजकडे नीट बघितलं.

"ऐवा," ती म्हणाली. हो तर.

मग दाराकडे वळून तिने यांना हाताने बोलावलं आणि खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.