पाच बोडके कैदी

प्रकाशकाच्या कचेरीत चाळिसाव्या पानाचा मजकूर वाचून चित्रकाराने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. शत्रूने पाचही कैद्यांची डोकी, दाढ्या आणि मिशा भादरल्या, अंगावरचं सगळं उतरवून घेतलं, एकसारखी जाडीभरडी वस्त्रं दिली आणि त्यांना किल्ल्याच्या चौकात बसवलं.

"हे तू मुद्दाम लिहिलंस," तो म्हणाला.

"हो, मुद्दामच," खिडकीपाशी बसलेली त्याची थोरली बहीण म्हणाली.

गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राज्याची होती. लिहिणारी ती, काढणारा हा. अशी अकरा चित्रपुस्तकं झाली होती, आणि अकरांत दोघांचं जमलं ते फक्त मुखपृष्ठावर, जिथे दोघांची नावं शेजारी शेजारी होती.

पाच माणसं वेगळी दाखवायची त्याची रीत ठरलेली होती. राजाला मुकुट, सेनापतीला आकडेबाज मिशी, प्रधानाला उंच टोपी, खजिनदाराच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, वैद्याला पांढरी दाढी. या सगळ्याच्या खाली चेहरा एकच. हे त्याला कधीपासून ठाऊक होतं. इतरांना ठाऊक नाही, एवढ्या आधारावर त्याने एकोणचाळीस पानं काढली होती.

"काका, पाच वाजता पान बघतो," प्रकाशक म्हणाला. वयाने तो चित्रकाराच्या निम्मा होता. "नावं झाकून पाचही जण ओळखता आले तर पुस्तक तुमचं. नाहीतर ताई म्हणतात त्या दुसऱ्या चित्रकाराला देऊ."

"ताई म्हणतात?" चित्रकाराने बहिणीकडे पाहिलं.

"कुणीतरी म्हणायला हवंच होतं. तुझ्या पुस्तकात राजा मेला तर खजिनदाराला मुकुट घालून भागेल. वाचकाला पत्ताही लागायचा नाही."

प्रकाशक हसू दाबत आपल्या खोलीत गेला. चित्रकाराला ते दाबलेलं हसू मोकळ्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन वाजेपर्यंत त्याने नाकं काढली. राजाचं धारदार, वैद्याचं बसकं, प्रधानाचं पोपटाच्या चोचीसारखं. बहीण मागे येऊन उभी राहिली.

"भाजीचं दुकान मांडलंयस का?"

"तू जा तिकडे."

"नाक बदललं की माणूस बदलतो होय रे?"

"मग तूच सांग. सेनापती कसा बसेल?"

"मी लिहिते. बसवणं तुझं काम. तेवढं तरी कर."

त्याने कागद चुरगाळला. उत्तर द्यायचं म्हणून तो म्हणाला, "तो सेनापती बसणारच नाही. आधी तलवार चाचपेल."

"तलवार काढून घेतलीय त्याची."

"म्हणूनच."

बहीण खिडकीपाशी परत गेली. त्याने नवा कागद ओढला.

सेनापतीचा उजवा हात रिकाम्या कमरेपाशी गेला. राजाची मान ताठ राहिली, डोक्यावर अजून वजन असल्यासारखी; आणि जमिनीवर बसायचं कसं हे ठाऊक नसल्याने त्याचे गुडघे भलतीकडेच गेले. खजिनदार दोन्ही मुठी आवळून बसला, मुठींत काहीच नसताना. वैद्य शेजाऱ्याच्या पायाची जखम निरखू लागला. प्रधान तेवढा व्यवस्थित बसला, आणि कैद्यांकडे न बघता पहारेकऱ्याकडे बघू लागला. चेहरे पाचही जणांना तेच होते, त्याचे नेहमीचे. ते बदलायला वेळ उरला नव्हता.

पाच वाजता प्रकाशकाने नावांवर पट्टी ठेवली आणि बोट फिरवलं. "राजा. सेनापती. हा वैद्य. हा खजिनदार." प्रधानापाशी तो थांबला. "आणि हा फितूर होणार."

"अजून तीस पानं आहेत त्याला," बहीण म्हणाली. "पण होणार."

चित्रकाराने श्वास सोडला. तेवढ्यात तिने आधीच्या पानांचा गठ्ठा उचलून टेबलावर आपटला.

"हे बघा. इथला सेनापती मुंज्यासारखा उभा. हा राजा लोडावर असा पडलाय की मानेत हाडच नाही. चाळिसाव्या पानावरची माणसं ही नव्हेतच. एक तर ते पान फाडा, नाहीतर ही एकोणचाळीस."

तिचं म्हणणं खरं होतं. खरं होतं म्हणूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला पुस्तक माझ्याकडून काढूनच घ्यायचंय."

"मला पुस्तक चांगलं हवंय. ते कुणी काढायचं, त्याच्याशी मला देणंघेणं नाही."

प्रकाशक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. चित्रकाराने पहिलं पान उचललं. त्यावरच्या मुकुटातली नक्षी काढायला चार दिवस लागले होते. त्याने ते मधोमध फाडलं.

"चार महिने लागतील," तो म्हणाला.

"तीन," प्रकाशक म्हणाला.

"साडेतीन. आणि ही माझ्या खोलीत येणार नाही."

"मी कशाला येतेय? तुझ्या खोलीत शाईचा वास मारतो." बहिणीने पिशवीतून पुढचे कागद काढून त्याच्यासमोर सरकवले. "एकेचाळिसावं पान. त्यांना तळघरातल्या कोठडीत टाकलंय. अंधार आहे. तिथेही ओळखू आले पाहिजेत."

त्याने कागद वाचला. तिच्याकडे न बघताच त्याने विचारलं, "किती अंधार?"