कमानीचा सव्वा महिना

माझ्या बायकोनं, करुणानं, शहागंजातून गूळ, मेथी, उडीद आणि डिंक पोत्यानं आणला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की आता आपली खैर नाही.

दुकानदार हनीफभाईंनी तिला वर अळीव फुकट दिले आणि संध्याकाळी मला भर रस्त्यात मिठी मारली. "मुबारक हो अतुलभाई! इत्ता सामान? जुडवां है क्या?"

आमची सायली बारावीला. माझे केस निम्मे पांढरे. मी नाही नाही म्हणेपर्यंत बातमी सोयगावला पोचली आणि सकाळच्या एसटीनं माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, दारात हजर. हातात बाळंतविड्याची पिशवी. जयभीमसुद्धा न घालता माझ्यावर घसरल्या, "या वयात? लाज कशी नाय वाटली जावई?"

"आई, ते सगळं चुन्यात घालायचंय," करुणा म्हणाली.

सासूबाई मटकन खाली बसल्या.

माझी बायको आर्किटेक्ट. जालना रोडवरच्या तिच्या काचेच्या इमारतीचा फोटो सासूबाई बाजारात भाजीवालीलाही दाखवत. मग हिनं ते काम सोडलं, जुन्या वास्तू जपायचं शिक्षण घेतलं आणि चुन्याच्या मागे लागली. आता लोकांना काय सांगणार? लेक चुना लावते म्हणून? त्यामुळे कुणी विचारलं की सासूबाई म्हणत, "घरीच असती." हे करुणाला फार लागायचं. बोलायची नाही, पण त्या दिवशी जेवायची कमी.

सध्या तिचा जीव शहागंजामागच्या एका कमानीत अडकला होता. शहर बावन्न दरवाजांचं, पण या बिचारीला नावसुद्धा नाही. रस्ता रुंद करणारे इंजिनिअर सोमनाथराव ती पाडायलाच निघाले होते. करुणानं भांडून संधी मिळवली: भेगा जुन्या पद्धतीनं, गूळ-मेथी-उडीद घातलेल्या चुन्यानं भरते, मुदत संपली की खरवडून बघा; पक्क्या निघाल्या तर रस्ता बाजूनं न्या, भुगा पडला तर पाडा. पण चुना म्हणजे सिमेंट नव्हे. तो सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओल लागते. त्यात एप्रिलचं ऊन.

सासूबाई कमान बघायला आल्या. ती ओल्या गोणपाटात गुरफटलेली.

"हिला झाकलं कशाला?"

"वारं लागू द्यायचं नाही, आई. कुणी हात लावायचा नाही. निदान सव्वा महिना."

"अगं बया! मंग ही बाळंतीणच की!"

झालं. सोयगावचं परतीचं तिकीट राहिलं बाजूला. सासूबाई खुर्ची टाकून कमानीशी बसू लागल्या. गोणपाट जरा वाळलं की करुणाच्या माणसांना हाका.

सोमनाथरावांना दम निघेना. मुदतीआधीच ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. "बघू, कितपत घट्ट झालंय."

सासूबाई आडव्या उभ्या राहिल्या. "सायब, सव्वा महिना झाला का? तुमची माय बाळंतीण व्हती तवा कुणी असं खुपसाया आलं व्हतं का?"

इंजिनिअर झाला तरी माणूस मराठवाड्यातला. स्क्रू ड्रायव्हर मुकाट खिशात गेला.

सव्वा महिना भरला. गोणपाट उतरलं. सोमनाथरावांनी भेगेवर टोक टेकवलं, दाबलं, मग सगळा जोर लावून खरवडलं. करुणानं माझा हात इतका आवळला की बोटं कळवळली.

चिमूटभरही भुगा पडला नाही.

"पक्कं आहे, मॅडम," ते म्हणाले. "रस्ता बाजूनं नेऊ."

करुणा रडली. मीही रडलो, उगाच कशाला लपवा.

सासूबाईंनी पातेलंभर घुगऱ्या शिजवल्या आणि शहागंजात वाटत सुटल्या. हनीफभाईंनी ओंजळ पुढे केली. "अम्मा, आखिर हुआ क्या? लडका के लडकी?"

"दरवाजा!" सासूबाई म्हणाल्या. मग मागून येणाऱ्या करुणाकडे बोट करून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही माझी लेक. चुना लावती!"