चोवीस तासांच्या आत

मुनव्वरला कायदा ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. टेंपोवाल्यांना सगळे कायदे ठाऊक असतात, आणि ते कुठे कुठे पाळायचे नसतात तेही ठाऊक असतं. रस्ता सुरक्षा सप्ताहात कर्जतला सगळ्या ड्रायव्हरांना मांडवात बसवून साहेबांनी घसा फोडून सांगितलं होतं: धक्का लागून माणसाला नुसतं खरचटलं तरी गाडी थांबवा, त्याला डॉक्टरकडे न्या आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. मुनव्वरने मान डोलावली, फुकटचा वडापाव खाल्ला आणि घरी येऊन बायकोला, नूरबानोला, सगळं भाषण ऐकवलं. अठ्ठावीस वर्षांत आपल्यावर ते करायची वेळ आली नाही, याचा त्याला कोण अभिमान!

वेळ आली ती पोशीरच्या भातगिरणीसमोर, जानेवारीतल्या एका भर दुपारी. तांदळाच्या गोणी भरून तो टेंपो मागे घेत होता आणि मागून पदू सायकल हातात धरून चालला होता. पदू म्हणजे भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झालेला, सत्तरीला टेकलेला, मुनव्वरचा पंचवीस वर्षांचा दोस्त. धक्का कसला, नुसतं लागलं म्हणा. पण पदू सायकलीसकट आडवा झाला आणि त्याचं डोकं गिरणीच्या ओट्यावर आपटलं.

मुनव्वर उडी टाकून खाली आला तोवर पदू उठून बसला होता आणि पँटवरची धूळ झटकत होता.

"मेलो नाय रं अजून. तोंड कशाला येवढं पाडतोस?"

"चल, बस गाडीत. डॉक्टरला दाखवू. मग मी ठाण्यात कळवून येतो, कळवावं लागतं."

"येड लागलंय का तुला? टेंगूळ आलं म्हणून ठाण्यात जातोस? आणि घरी जिजाला कळलं तर माझी सायकल कायमची बंद. मागं एकदा पडलो तर महिनाभर कुलूप लावलं होतं तिनं. तुला माझी आन हाय, कुणाला बोलायचं नाय."

मुनव्वरने दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा नाही केला. खरं सांगायचं तर पदू नको म्हणाला तेव्हा त्याला आत कुठेतरी बरंच वाटलं. ठाण्यात गेलं की गाडी अडकणार, खेपा घालाव्या लागणार, दहा जणांना तोंड द्यावं लागणार. त्याने सायकलचं हँडल सरळ करून दिलं आणि पदू पायडल मारत घराकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदू उठलाच नाही.

डॉक्टर आले, त्यांनी डोक्यामागचं टेंगूळ चाचपलं आणि विचारलं, हे कुठे पडले होते का? पदूच्या बायकोला, जिजाला, एकच गोष्ट आठवली. आदल्या दिवशी सकाळी संक्रांतीच्या वाणाची टोपली काढायला तिनेच त्याला माळ्यावर चढवलं होतं, आणि उतरताना शिडीच्या खालच्या पायरीवरून त्याचा पाय सटकला होता. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाला, तेव्हा तिने बाम चोळून त्याला झोपवलं होतं. शिडीवरून पडून मृत्यू, अशीच पोलिसांत नोंद झाली.

मुनव्वरने पदूला खांदा दिला. एवढ्या माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. उद्या सांगू म्हणाला. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा झाला. चोवीस तास केव्हाच उलटून गेले होते, आणि आता सांगितलं तर लोक आधी विचारणार, इतके दिवस कुठे होतास? म्हणून तो आणखी गप्प बसला. साधा भित्रेपणा होता हा. त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

पंधराव्या दिवशी नूरबानो जिजाला भेटून आली ती पदराने डोळे पुसतच.

"रूपेश आईशी बोलत नाय," ती म्हणाली. रूपेश हा पदूचा एकुलता एक मुलगा, खालापूरकडे कंपनीत कामाला. "म्हणतो, या वयात बाबांना माळ्यावर चढवलंस, तूच मारलंस त्यांना. तिच्या हातचं जेवत पण नाय तो. आणि ती बिचारी शिडी अंगणात टाकून नुसती तिच्याकडं बघत बसते. अहो, ऐकताय ना?"

मुनव्वरच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. नूरबानोने त्याच्यापुढचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "उद्या आधी तिच्याकडं जा, आणि तसेच पुढं ठाण्यात जा. गाडी गेली तर गेली."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जिजा ओटीवर बसली होती, रूपेश आत फोन बघत होता. जिजाने चटई पुढे सरकवली, पण मुनव्वर बसला नाही.

"वैनी, पदू शिडीमुळं नाय गेला. माझ्या गाडीचा धक्का लागला त्याला. गिरणीपाशी. डोकं ओट्यावर आपटलं. मी डॉक्टरकडं नेला नाय, कुठं कळवलं पण नाय."

रूपेश बाहेर आला तो सरळ त्याच्या कॉलरवरच. जन्मभर काका म्हणणारा पोरगा, पण त्या वेळी त्याच्या तोंडून काका निघालं नाही. "सोळा दिवस? सोळा दिवस गप बसलास तू?" मुनव्वरने हातसुद्धा वर केले नाहीत. मग रूपेशची नजर आईकडे गेली आणि कॉलरवरची मूठ आपोआप सुटली. आईच्या तोंडाकडे त्याने सोळा दिवसांत नीट पाहिलंच नव्हतं.

जिजा रडली नाही. तिने हळूच विचारलं, "मग त्यांनी मला का नाय सांगितलं?"

वाटेवर मुनव्वरने सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, एवढा एक सोडून. खरं उत्तर जिभेवर होतं. तुम्ही सायकल बंद कराल म्हणून, वैनी. तुमच्या धाकाने. एवढं बोलला असता तर शिडीचं ओझं उतरलं असतं आणि त्या जागी सायकल येऊन बसली असती. आपला नवरा आपल्याला भिऊन दुखणं लपवून मेला, हे त्या बाईने कुठे ठेवलं असतं? दुसरं उत्तर दिलं तर ठाण्यातही तेच द्यावं लागणार होतं, आणि तिथे ते किती महागात पडेल हे मांडवात बसून आलेल्या माणसाला कुणी समजवायची गरज नव्हती.

"मी पाया पडलो त्याच्या," मुनव्वर म्हणाला. "तो तुमाला सांगणारच होता. डॉक्टरकडं पण जातो म्हणाला. मीच नको म्हटलं. केस झाली तर माझी गाडी जाईल, पोरांनी काय खायचं, म्हणून रडलो त्याच्यापुढं. आन घातली त्याला. माझ्यापायी गप राहिला तो."

जिजाने त्याच्याकडे वर मान करून पाहिलं.

"पंचवीस वर्षं ईदला तुमच्या घरी जेवलो आमी," ती म्हणाली. "आता या दारात पुन्हा उभा राहू नको."

मग ती लेकाकडे वळली. सोळा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला आणि पाठोपाठ डोळ्यांना धार लागली. "ऐकलंस ना रं? येवढ्या वर्षांच्या संसारात आपणहून एक गोष्ट लपवली नाय त्यांनी माझ्यापासून. एक पण नाय." रूपेश तिच्या शेजारी बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडू लागला.

मुनव्वर ओटीखाली चपला घालत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"नाय वैनी," तो म्हणाला. "कधीच नाय लपवलं." आणि हेच सगळं ठाण्यात लिहून द्यायला तो निघाला.