सोनेरी दातांना लावलेला भंडारा

मी एक जुनं कार्ड आहे. रेशनचं नव्हे, लग्नाचंही नव्हे. संगणकाच्या पोटात बसणारं, हिरवं, वीतभर लांबीचं. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग आहे, तिला सगळे माझे दात म्हणतात. मित्रांनो, गाणं मला कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आवाज माझ्याकडे आकडे होऊन येतो. मी भराभर गुणाकार करतो, आवाज स्वच्छ करतो आणि पुढे डिस्कवर लिहायला पाठवतो. माझं काम एवढंच.

जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही, कारण तेव्हा मला वीजच मिळाली नव्हती. मुंबईत तीन वर्षं साबणाच्या आणि चहाच्या जाहिराती केल्या. मग साताऱ्याच्या लालासाहेबांनी मला विकत घेतलं. त्यांचा स्टुडिओ दीड वर्षात बंद पडला आणि मी दोन सोबत्यांबरोबर खणात जाऊन पडलो. माझ्यावर धूळ बसली. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर एकदा वीज चाखली की पुढं सगळं दिसतं, ऐकू येतं, पण वीज नसताना वाटत काहीच नाही.

१९९८ च्या फेब्रुवारीत सांगलीहून सुमंत आला. त्याचा छोटा स्टुडिओ होता, पण त्याच्या संगणकाला एका वेळी दोनच आवाज झेपायचे. त्याला चार हवे होते आणि तेही आठ दिवसांत. कारण असं, की जत्रेत त्यानं धुळाआप्पांच्या धनगरी ओव्या ऐकल्या होत्या. धुळाआप्पा जतकडचे, जन्म मेंढरांमागे गेलेला. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. पुढच्या गुरुवारी मिरजेत ऑपरेशन होतं आणि नंतर आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एकेकाकडून वेगळं गाऊन घेता आलं असतं, पण आप्पांना ते मान्य नव्हतं. मागून सूर ओढत झील धरणारे समोर दिसल्याशिवाय त्यांना ओवी सुचायचीच नाही.

सुमंतनं स्वतःचा संगणक गोधडीत गुंडाळून एसटीनं आणला होता. त्यानं भिंग काढून आम्हा तिघांना बघायला सुरुवात केली.

"अहो, सोयरीक जुळवताना पण एवढं कुणी बघत नाही," लालासाहेब वैतागले.

पहिलं कार्ड पुसून लखलखीत केलेलं होतं. संगणकात बसवल्यावर चाळीस मिनिटांत तापलं आणि खरखरू लागलं. दुसऱ्यावर कथलाच्या नव्या डागणीचे ठिपके होते, म्हणजे आधी कुणीतरी दुरुस्त केलेलं. माझ्यावर धूळ होती, पण डागणी मूळची होती आणि दात निर्मळ होते. दीड तास मला तापवलं, मी हूं की चूं केलं नाही.

"कोपरा उडालाय त्याचा," लालासाहेब म्हणाले.

"ते कोपऱ्यानं थोडंच गाणार आहे!" सुमंत म्हणाला आणि मला पिशवीत घातलं.

बुधवारी सकाळी आप्पा आले. बरोबर बायको दगडाबाई, झील धरणारे दोघे आणि ढोल. सुमंत मला एका खाचेतून काढून दुसरीत बसवणार होता, म्हणजे वारा नीट खेळला असता. तेवढ्यात माइकचा स्टँड पडला म्हणून मला टेबलावर फडक्यात ठेवून तो आत धावला.

दगडाबाईंनी मला पाहिलं. "आवं, ह्ये काय?"

"माज्या गळ्यापायी आणलंय म्हनं साताऱ्यास्नं. नवं हत्यार हाय," आप्पा म्हणाले.

"मंग कोरडंच बसवत्यात व्हय?" त्यांनी कनवटीची पुडी सोडली. तांब्यात बोट बुडवलं, भंडाऱ्यात टेकवलं आणि माझा सगळ्यात शोभिवंत भाग शोधला. "बघा की, दागिन्यावानी हाय." माझ्या सोनेरी दातांवरून त्यांनी ओली हळद प्रेमानं ओढली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

सुमंत घाईघाईत आला. साताऱ्यात भिंगानं बघणाऱ्या त्या माणसानं या वेळी साध्या डोळ्यांनीही बघितलं नाही. मला खाचेत दाबलं आणि काम सुरू केलं.

आप्पा डोळे मिटून गायले. हरवलेल्या कोकराची कथा होती. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग हळद वाळली आणि माझे दात खाचेला नीट लागेनात. मी खरखरू लागलो. सुमंतच्या कानांना ते कळलं, पण वायर हलली असेल अशी मनाची समजूत घालून त्यानं काम चालूच ठेवलं. गाणाऱ्याला थांबवायचा त्याला धीर झाला नाही. ऐकून पाहिलं तेव्हा कोकरू हरवल्यापासून सापडेपर्यंत सगळी नुसती खरखर होती.

त्यानं मला उपसलं. दात पिवळे. दगडाबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"माझंच चुकलं मावशी, मी उघड्यावर ठेवलं," सुमंत म्हणाला. शाळेतल्या खोडरबरानं त्यानं माझे दात घासले. रबरही पिवळा झाला.

आप्पा पुन्हा उभे राहिले. कोकरू हरवलं तिथपर्यंत आले आणि गळा बसला. घोट घेतला, खाकरले, पण आवाज फुटेना. मी मात्र चालूच होतो, रिकामा श्वास इमानानं लिहायला पाठवत होतो.

दगडाबाई माइकपाशी आल्या. धनगरी ओवी बायका कधी पुढं होऊन म्हणत नसत. "चाळीस वरसं मेंढरांमागनं ऐकत आले. माज्या हातानं गेलं न्हवं? मंग माज्या तोंडानं येऊ द्या," म्हणाल्या आणि कोकरू शोधायला निघाल्या. आवाज कापरा होता, सूर दोनदा घसरला. मला गाणं कळत नाही, पण शेवटी कोकरू सापडलं तेव्हा सुमंत रडत होता.

आप्पांचा जीव वाचला, आवाज गेला. दिवाळीनंतर ते कॅसेट ऐकायला आले. स्वतःचा आवाज तुटून बायकोचा सुरू होतो ती जागा त्यांनी खुणेनं तीनदा लावायला सांगितली. मग मी बसलो होतो त्या संगणकाकडे बघत कनवटीला हात घातला. दगडाबाईंनी मनगटच धरलं.

"आवं, त्येला नगं! त्या सुमंत मास्तरच्या कपाळाला लावा."

पुढच्या वर्षी नवा संगणक येणार आहे. त्यात माझ्या मापाची खाच नाही. मला जपा, असं मी म्हणणार नाही मित्रांनो. माझ्यासारखी आणखी मिळतील, एखाद्याचा कोपराही शाबूत असेल. पण तुमच्या घरात कुणी गात असेल, तर त्याला उद्या गा म्हणू नका. आजच गायला बसवा. आणि सुरू करण्याआधी तेवढे माझे दात बघून घ्या.