पाहुण्यांची खुर्ची

“मामा, तेवढं पुलाचं बोला. आणि मामींचं. विसरू नका हां,” मी तिसऱ्यांदा बजावलं.

“अरे हो रे बाबा,” मामा म्हणाले आणि आधीच लख्ख असलेली कपबशी पुन्हा पुसायला लागले.

आमच्या सरकारी विश्रामगृहाचे मामा म्हणजे रखवालदार, स्वयंपाकी आणि माळी, सगळं एकच. गाव त्यांना मामा म्हणतं, आलेगेले साहेबही मामाच म्हणतात. साहेब येतो वर्षाकाठी एखादा. पण मामा दोन्ही खोल्यांतल्या चादरी रोज झटकणार, व्हरांड्यातली वेताची खुर्ची रोज पुसणार. मोबाइलला रेंज मिळते तीही नेमकी त्या खुर्चीच्या कोपऱ्यात. मग लेकीचा फोन आला, की मामा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या उभ्या बोलायचे. एकदा मी म्हटलं, बसा की जरा. तर म्हणाले, “पाहुण्यांची आहे ती.”

आमचा भाग देशात आहे, याची देशाला अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. टीव्हीवर हवामानाचा नकाशा दाखवतात, त्यात आमचा कोपरा वाहिनीच्या चिन्हाखाली झाकलेला असतो. आमच्याकडे ऊन पडतं की पाऊस, देशाला पत्ता नाही. नदीत पुलाचे खांब आहेत, वर पूल नाही. कावळ्यांची मात्र उत्तम सोय झाली आहे.

मामींच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा नदीला पूर होता. पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली, पण नाव घालायची कुणाची छाती होईना. तिचा निळा दिवा फिरत होता आणि मामी याच व्हरांड्यात अंथरुणावर पडून तो बघत होत्या. पहाटेपर्यंत दिवा होता. मामी नव्हत्या.

त्याच्या वर्षभर आधी पुलाची चौकशी करायला मोठे साहेब आले होते. मामांच्या हातचं पोटभर जेवले आणि विचारलं, “काही अडचण?” मामा म्हणाले, “सगळं ठीक आहे, साहेब.” साहेब समाधानाने गेले. हे लेकीला पुढे कळलं. ती राजधानीत नर्स आहे. आईचं दिवसकार्य आटोपल्यावर जी गेली, ती पुन्हा आली नाही. फोन करते, पण कोरडा. “ठीक आहात ना?” “ठीक आहे.” संपलं.

आणि आता टीव्हीवाली माणसं येणार होती. देशातल्या दुर्लक्षित भागांवर कार्यक्रम करत होती म्हणे. लेकीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मामा ऐकत राहिले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले. “तिने वॉर्डातल्या सगळ्यांना सांगितलंय, माझे बाबा दिसणार. म्हणाली, एकदा आईचं बोला, बाबा. एवढं एकदाच बोला.” किती दिवसांनी त्या माणसाचा चेहरा उजळलेला पाहिला!

बातमीदार बाई तरुण होती, स्वभावाने चांगली होती. वेताच्या खुर्चीत बसली. कॅमेरा सुरू झाला. मामा ट्रे घेऊन समोर उभे.

“मामा, मोकळेपणाने सांगा. इथे काय काय अडचणी आहेत?”

मामांनी तोंड उघडलं. मी श्वास रोखला. मामांची नजर बाईच्या कपावर गेली. कप रिकामा होता.

“सगळं ठीक आहे, बाई. काही कमी नाही. चहा आणू अजून?”

मी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी पुलाचं विचारलं, दवाखान्याचं विचारलं. पण पहिले पाढे पंचावन्न! सगळं ठीक आहे, बाई.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा टीव्हीवाल्यांच्या पिशव्या घेऊन काठापर्यंत गेलो. कॅमेऱ्याची पेटी नावेत चढली होती, नावाडी घाई करत होता. बाईंनी जाता जाता सहज विचारलं, “घरी कोण कोण असतं, मामा?”

आणि मामा बोलायला लागले. पूर, निळा दिवा, मामींनी शेवटी मागितलेलं पाणी, रुसून बसलेली लेक. मलाही माहीत नव्हतं असं पुष्कळ. बाईंचे डोळे भरून आले.

“अहो मामा, हे काल का नाही बोललात?”

“काल तुम्ही पाहुण्या होतात,” मामा म्हणाले. “घरातलं रडगाणं पाहुण्याला कसं ऐकवायचं? आज निघालात, म्हणून सांगितलं.”

बाईंनी पेटीकडे पाहिलं, नावाड्याकडे पाहिलं. “पाणी चढतंय, बाई!” तो ओरडला. “आम्ही पुन्हा येऊ हं, मामा,” असं म्हणून ती नावेत बसली. बिचारीला ते खरंच वाटत असणार.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी माझ्या दुकानातल्या टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मामा धुतलेला सदरा घालून सगळ्यांत मागे उभे होते. नदी दिसली, खांब दिसले, कावळेही दिसले. मग मामा. “सगळं ठीक आहे, बाई. काही कमी नाही.” त्यावर एक गोड आवाज म्हणाला, “अशी ही अल्पसंतुष्ट, सुखी माणसं.” आणि जाहिरात लागली.

मला मामांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. वळून पाहिलं तर मामा निघून गेले होते. अंधारून आलं होतं, म्हणून टॉर्च घेऊन मी मागोमाग गेलो.

विश्रामगृहाच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा फोन वाजत होता. मामा नेहमीच्या जागी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी फोन कानाला लावला. त्या शांततेत लेकीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“पाहिलं, बाबा.”

मग तिने नेहमीचं विचारलं, “ठीक आहात ना?”

मामांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. वळसा घालून पुढे आले आणि खुर्चीत बसले. वेत करकरला.

“नाही गं,” ते म्हणाले. “तुझी आई गेल्यापासून एक दिवस ठीक नाही.”

पलीकडून फोन बंद झाला नाही. मी टॉर्च विझवला आणि पायऱ्यांवरूनच मागे फिरलो.