पहिली चकती

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर थोडी कल्पना करा. मे महिना आहे. रहाटणीतल्या एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली, दोन खोल्यांचं घर आहे. पंखा फिरतोय, पण तो वारा देतोय की गरम हवा ढवळतोय तेच कळत नाही. तुम्ही अंधारात उठून चाकणच्या कंपनीत गेलात, दुपारपर्यंत उभं राहून गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधलेत, आणि कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या चौकात अडकून आत्ता कुठे घरी पोचलात. पोटऱ्यांना गोळे आलेत. अशा वेळी कुणी समोर वाफाळता आमटी-भात वाढला, तर जेवाल? नाही ना? आणि समजा, कुणी काकडीची गार कोशिंबीर वाटीभर पुढे ठेवली तर?

वर्षालीचं अगदी असंच होतं. उन्हाळा लागला की तिची भूक मरायची. कँटीनचं ताट ती नुसतं चिवडून परत ठेवायची. दुपारी घरी आल्यावर मात्र एक वाटी कोशिंबीर आणि तिच्या आधाराने एखादी भाकरी पोटात जायची. दिवसभराचं तिचं खरं जेवण तेवढंच.

ती कोशिंबीर करायचे तिचे सासरे, रंगराव. मूळचे लातूरकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात भट्टीपाशी त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर घरात त्यांना करमेना. वर्षाली कामाला लागली तेव्हा ते आपणहून म्हणाले, “दुपारचं सगळं माझ्याकडं दे. तू फक्त भाकऱ्या थापून जात जा.” मुलगा दिग्विजय रात्रपाळीला असायचा आणि दिवसा आतल्या खोलीत झोपायचा. त्यामुळे त्या घरात दुपारचं बोलणं, हसणं, भांडणं सगळं हळू आवाजात चालायचं. नात दिव्या चौथीतून पाचवीत गेली होती. तिला सुट्टी होती आणि आबांच्या मागे मागे फिरण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

रंगरावांची कोशिंबीर करण्याची रीत ठरलेली. काकडी धुवायची, दोन्ही टोकं कापायची, कापलेलं टोक त्याच जागी गोल गोल घासायचं, म्हणजे पांढरा फेस येतो. मग दोन्हीकडून एकेक चकती काढून चाखायची. चाखल्याशिवाय काकडी भांड्यात जाऊ द्यायची नाही, कारण एक कडू निघाली तर सगळं भांडं वाया जातं, आणि कडू काकडी पोटालाही बरी नसते. मग चोचवायची. म्हणजे काकडी हातात धरून तिच्यावर सुरीचे बारीक बारीक घाव घालायचे आणि वरून पातळ काप काढायचा, की चुरा पडतो. किसणीवर किसली तर नुसता लगदा होतो. मग दाण्याचं कूट, दही, कोथिंबीर, वरून मिरची-हिंगाची फोडणी. आणि मीठ अगदी शेवटी, खाणारं माणूस हातपाय धुऊन पाटावर बसल्यावर. आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि दह्याचं पांढरं पाणी होतं.

हे सगळं रंगराव दिव्याला रोज सांगायचे. एकच गोष्ट त्यांनी घरात कुणालाही सांगितली नव्हती.

दिवाळीनंतर त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जिभेची चव जी गेली ती परत आलीच नाही. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. रंगरावांनी संक्रांतीपर्यंत वाट पाहिली, होळीपर्यंत पाहिली. तिळगूळ आणि पुरणपोळी त्यांनी माती खाल्ल्यासारखी खाल्ली आणि वर ‘झकास’ म्हणाले. नंतर वाट पाहण्याचाही कंटाळा आला. मीठ ते एका ठरलेल्या चमच्याने घालायचे. दही रोजच्याच डेअरीचं. फोडणी आवाजावरून कळायची. सगळं मापात बसवलं होतं. काकडीचा कडूपणा तेवढा मापात बसत नव्हता. तो ना डोळ्यांना दिसतो, ना हाताला लागतो. म्हणून ते रोज चकती तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, “गोड हाय.” उन्हाळा सुरू झाल्यापासून नशीब साथ देत होतं.

त्या बुधवारी दिली नाही.

वर्षाली घरी आली. चपला काढताना तिने भिंतीला हात टेकला. न्हाणीतून तोंड धुऊन आली आणि पदराने न पुसताच ताटावर बसली. रंगरावांनी मीठ घातलं, हलवलं, तिघांच्या वाट्या भरल्या. वर्षालीने पहिला घास घेतला आणि थांबली. चावलं, कसंबसं गिळलं. मग वाटी हळूच बाजूला सारली.

“काय झालं?” रंगरावांनी विचारलं.

“काही नाही, मामा. कँटीनमध्ये जरा जास्तच खाल्लंय.” त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे सासऱ्याला ती मामा म्हणायची.

तेवढ्यात दिव्याने घास तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं करून ताटात थुंकला. “शी! कडूजहर आहे!”

“हळू! पप्पा झोपलेत. आणि अन्नाला शी म्हणायचं नाही.”

“अगं पण मम्मी, कडू...”

दिव्याचं लक्ष आबांच्या वाटीकडे गेलं होतं. आबा तीच कोशिंबीर खात होते. भाकरीचा तुकडा बुडवून, सावकाश, चवीने खाल्ल्यासारखी. वाटी जवळजवळ संपली होती.

रंगरावांनी वर पाहिलं. नातीचा चेहरा पाहिला, सुनेचा पाहिला. हातातला तुकडा हातातच राहिला. “त्या भाजीवाल्या जहीरनं दिली असली काकडी,” ते पुटपुटले. “उद्या बघतोच त्याच्याकडं.”

वर्षालीने पाण्याबरोबर भाकरीचे चार घास गिळले आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. संध्याकाळभर रंगरावांच्या पोटात कळा येत होत्या. त्यांनी ओवा खाल्ला आणि कुणाला काही सांगितलं नाही. पोटापेक्षा दुसरीच गोष्ट त्यांना छळत होती. ही पोरगी आधीच चारला उठते. आपलं हे तिला कळलं, तर दुपारचं कामही ती आपल्या अंगावर घेईल. मग ती उठणार कधी आणि झोपणार कधी? आणि आपण काय करायचं? खुर्चीत बसून गाड्या मोजायच्या?

दुसऱ्या दिवशी गुरुवार, वर्षालीच्या कंपनीची सुट्टी. सुट्टी म्हणजे तिने सकाळपासून चादरी भिजवल्या होत्या. रंगराव दिव्याला घेऊन खाली उतरले. कोपऱ्यावर जहीरची भाजीची गाडी उभी होती. जहीर आणि रंगराव यांची जुनी ओळख. एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांचाही दिवस सुरू व्हायचा नाही.

“काय रे, माणसं मारायचा धंदा काढलास का?” रंगराव म्हणाले. “काल काकडी दिलीस का कारलं?”

“बाबा, सकाळी सकाळी! बोहनी तर होऊ द्या.” जहीर हसला. “चाखून घेत जा म्हणतो, तर तुम्हालाच घाई. आणि तुमच्या घरी तर चाखल्याबिगर काकडी भांड्यात जात नाही ना? सगळ्या गल्लीला तुम्हीच सांगता. मग काल काय जीभ गहाण ठेवली होती?”

“जास्त बोलायलास. काकडी दे आधी.”

जहीरने डोळे मिचकावून दिव्याकडे पाहिलं. गाडीखालच्या टोपलीत त्याने काही काकड्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यातली एक उचलली, चकती कापली आणि अगदी अदबीने रंगरावांपुढे धरली. “घ्या. आजचा एक नंबर माल.”

रंगरावांनी चकती तोंडात टाकली. डोळे मिटले. चावली, गिळली. “हां. ही गोड हाय. असली देत जा.”

जहीर हसण्याच्या तयारीत होता. त्याचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि मग हळूहळू विझलं. ती काकडी कडू म्हणूनच त्याने टोपलीत टाकली होती. आता बाबा थुंकणार, चार शिव्या देणार, मग आपण दोघं हसणार, असा त्याचा बेत होता. त्याने एकदा रंगरावांकडे पाहिलं, एकदा सुरीकडे.

“मस्करी केली बाबा,” तो हळूच म्हणाला. “माफ करा.”

मग गाडीवरच्या काकड्या त्याने एकेक निवडून, देठाकडून दाबून पिशवीत भरल्या. “या कोवळ्या आहेत. पण वरून नक्की सांगता येत नाही. घरी चाखा कुणीतरी.” ‘कुणीतरी’ म्हणताना त्याने दिव्याकडे पाहिलं.

जिना चढताना रंगराव दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले. पिशवी पायाशी ठेवली. दिव्या शेजारी बसली.

“आबा, तुम्हाला काहीच लागत नाही?”

रंगरावांनी मान हलवली.

“आंबा पण?”

“न्हाई.”

“आईस्क्रीम?”

“गार लागतं. बस, तेवढंच.”

आंबा खायचा आणि तो आंबा आहे हेच कळू नये, हे दिव्याच्या डोक्यात मावत नव्हतं. “मग मम्मीला सांगायचं का?”

“सांगितलं तर ती काय करंल?”

“ती म्हणेल, आबा तुम्ही बसा.”

“आन मग?”

“मग... सगळं तीच करेल.”

“तेच तर.” रंगरावांनी चेहऱ्यावरचा घाम पुसला. सांगू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. पोरीला खोटं बोलायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि खरं सांगायला लागणारं बळही नव्हतं. कठड्याला धरून ते उठले आणि उरलेला जिना चढू लागले.

दुपारी वर्षाली ओल्या चादरी वाळत घालून आत आली. रंगराव सुरी-पाट घेऊन जमिनीवर बसले होते. काकड्या धुऊन परातीत ठेवल्या होत्या. ती समोर टेकली. चेहरा उन्हाने काळवंडला होता आणि डोळ्यांखाली झोप साठली होती.

“मामा,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी म्हणत होते, उद्यापासून कोशिंबीर मीच सकाळी करून ठेवत जाईन. तुम्हाला या उकाड्यात कशाला त्रास?”

“सकाळी करून दुपारपर्यंत राहती व्हय? नुसतं पाणी होतंय त्याचं.”

“चालतंय मला पाणी.”

“तुला काय, सगळंच चालतंय.”

ती हसली नाही. तिने हात पुढे केला. “द्या ती सुरी. आजपासूनच करते.”

रंगरावांनी सुरी सोडली नाही, आणि घट्ट धरलीही नाही. काल रात्रीपासून ज्याची धास्ती होती तेच समोर येऊन बसलं होतं. हिला कळलंय की नुसती शंका आलीय, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. त्या चेहऱ्यावर थकव्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. आतून दिग्विजयच्या घोरण्याचा आवाज येत होता. ‘देऊन टाकावी सुरी,’ त्यांच्या मनात आलं. ‘किती दिवस डोळे मिटून गोड गोड म्हणायचं?’ त्यांची बोटं सैल पडली.

तेवढ्यात दिव्या दोघांच्या मधे येऊन मांडी घालून बसली.

“मम्मी, तू सरक. तुझी सुट्टी आहे. हे आमचं काम आहे.”

“आमचं म्हणजे?”

“माझं आणि आबांचं. आबा चोचवणार, मी चाखणार.”

“आन तुला गं काय कळतंय त्यातलं?” रंगराव म्हणाले.

“तुम्हीच तर शिकवलंत रोज. आता काम द्यायची वेळ आली तर नाही म्हणता!”

वर्षालीने मुलीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. काहीतरी विचारावं असं तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारायलाही अंगात जोर लागतो. तिने पुढे केलेला हात मागे घेतला, पाय लांब केले आणि भिंतीला डोकं टेकलं.

“मीठ मी बसल्यावर घाला,” एवढंच ती म्हणाली.

“तू बसलेलीच आहेस की,” दिव्या म्हणाली.

रंगरावांनी काकडीची टोकं कापली, घासून फेस काढला, आणि पहिली चकती कापली. सवयीने ती आपल्या तोंडाकडे नेली. वाटेतच त्यांचा हात थांबला. दिव्याने तळहात पसरून त्यांच्यापुढे धरला होता.

त्यांनी चकती तिच्या हातावर ठेवली. दिव्याने डोळे मिटले, अगदी आबा मिटायचे तसे, आणि चावून पाहिलं. मग तोंड वाकडं न करता तिने घास मुठीत काढला, ती काकडी उचलून कापलेल्या टोकांच्या कचऱ्यात ठेवली, आणि पुढच्या चकतीसाठी पुन्हा हात पसरला.