एकवीस फांद्या, एक कावळा

सभागृहात खुर्च्या तीनशे, माणसं पाचशे, आणि हवा कोणाच्याच वाट्याला नाही, अशी अवस्था होती. तरी कोणी जागचं हलत नव्हतं. समोरच्या पडद्यावर एक आकडा चमकत होता, ०.०३, आणि त्याच्या शेजारी एक तारा. आकड्याचा अर्थ पाचशेपैकी चारशे नव्व्याण्णव जणांना ठाऊक नव्हता. पण तारा दिसताच टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन आजीबाईंनी तर हातच जोडले.

"हा तारा मी लावलेला नाही, मंडळी!" व्यासपीठावरचा माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला. "संगणकाने लावलाय. संगणकाला ना नातं ना गोतं. तो खोटं बोलेल का?"

"नाही!" सभागृह गरजलं.

त्याच्या दुसऱ्या हातात ताटाएवढं चुंबकाचं कडं होतं. पाचशेव्या माणसाने, म्हणजे तिसऱ्या रांगेच्या कडेला बसलेल्या दवाखान्याच्या नर्सबाईंनी, त्याचं नाव मनातल्या मनात 'चुंबकानंद' ठेवून टाकलं होतं.

"साधं पाणी म्हणजे नुसता गोंधळ," चुंबकानंद सांगत होता. "कण वाटेल तिकडे पळतात. कड्यातून गेलं की सगळे एका रांगेत! अशा शिस्तीच्या पाण्यात रोग टिकेल कसा? दोनशे चाळीस मुलं तपासली. निम्म्यांच्या नळाला कडं, निम्म्यांच्या नळाला काही नाही. निकाल तुमच्यासमोर आहे. मुलांचे आजार घटले, शास्त्राने सिद्ध! आता गावाच्या टाकीला मोठं कडं बसवा आणि ते उग्र वासाचं औषध बंद करा. त्याने पाण्याची शिस्त मोडते!"

यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. उग्र वासाचं औषध म्हणजे क्लोरीन, आणि त्या वासाला गाव कंटाळलं होतं. व्यासपीठावर बसलेल्या, दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली. ज्याच्या हातात माईक असेल त्याच्याशी सहमत व्हायचं, हा त्यांचा जुना नेम होता. गावच्या पाणी समितीच्या अध्यक्षांनी ठरावावर सही करायला पेनाचं टोपण काढलं.

अकरा वर्षं नर्सबाई घरोघर फिरून पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकायला शिकवत होत्या. त्याआधीचं एक वर्ष त्यांना आठवत होतं. खालच्या आळीतल्या एकोणीस मुलांना त्यांनी एका आठवड्यात सलाईन लावलं होतं. घरी सतराच परतली.

या ताऱ्याशी त्यांची ओळख मात्र तशी नवीनच होती. आरोग्य खात्याने फर्मान काढलं होतं की प्रत्येक नर्सने संख्याशास्त्राच्या संध्याकाळच्या वर्गाला जावं. बाकीच्या नर्सेसनी रजा काढल्या, यांची रजा शिल्लक नव्हती. मास्तरांनी गृहपाठ दिला: आपल्याच दवाखान्याचे आकडे घ्या आणि तपासा. नर्सबाईंनी ज्या वहीतून चुंबकानंदाने आकडे नेले होते, तीच, कडी बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्याची वही घेतली. ती त्यांनीच तर भरली होती. दोनशे चाळीस मुलं, एकवीस आजारांचे रकाने, संगणकात एक बटण. आणि तारा उगवला!

त्या धावत मास्तरांकडे गेल्या. "मास्तर, तारा आला! उवांवर! चुंबकाच्या पाण्याने उवा कमी होतात."

"पाणी पितात की डोक्यावर ओततात?"

"पितात हो."

"मग उवांना कोणी कळवलं?" मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. "बाई, हा कोणता रकाना घेतलात? यात कडं कुठंय?"

नर्सबाईंनी पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाल्या. कड्याच्या रकान्याऐवजी त्यांनी शेजारचा रकाना निवडला होता. तो होता कार्डाच्या रंगाचा. छापखान्याने त्या वर्षी निम्मी कार्डं गुलाबी आणि निम्मी पिवळी पाठवली होती. हाताला येईल ते कार्ड त्यांनी पोराच्या हातात दिलं होतं.

"म्हणजे गुलाबी कार्डाच्या पोरांना उवा कमी?"

"संगणक म्हणतोय खरा. पिवळी कार्डं जाळून टाका, गावातल्या उवा संपल्या!"

मास्तर पोटभर हसले, मग पुढे सरकून बसले. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे माहीत आहे ना? आपण आधी धरून चालायचं की कावळ्याचा काही दोष नाही. मग आकड्यांना विचारायचं: नुसत्या योगायोगाने असं घडायची शक्यता किती? ती विसांत एकाहून कमी असली की संगणक तारा लावतो. पण तुम्ही कावळा किती फांद्यांवर बसवलात?"

"एकवीस."

"मग एखादी मोडली तर नवल काय? कावळ्याचं वजन सिद्ध करायचं असेल, तर तो बसण्याआधी सांगा की ही फांदी मोडणार. आधी पैज, मग शर्यत."

नर्सबाई घरी न जाता थेट दवाखान्यात गेल्या. चुंबकानंदाचा छापील अहवाल त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचला. असं करणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच. एकवीस ओळी होत्या. वीस ओळी मुक्या, आणि एकीवर तारा: कान दुखणे. त्याच एका कानाच्या जोरावर 'मुलांचे आजार घटले' असं पडद्यावर झळकणार होतं.

तोवर आणखी एक गोष्ट घडली होती. पहिल्या महिन्यात दोन्हीकडच्या घरांत क्लोरीनचे थेंब चालू होते. ताऱ्याची बातमी फुटल्यावर, ज्यांच्या नळाला कडं होतं त्या कडेवाल्या घरांनी ते बंद केले. नर्सबाईंनी दारोदार विनवलं. दारं बंद झाली. खुद्द त्यांच्या सासूबाईंनी घरी हौसेने कडं आणलं. "घरात एक तरी शास्त्र मानणारी हवी," त्या सुनेला म्हणाल्या. मग दुसऱ्या महिन्याची कोरी वही उघडण्याआधी नर्सबाईंनी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, पाकीट बंद केलं आणि अध्यक्षांच्या हाती देऊन पोच घेतली.

आता सभागृहात त्या उभ्या राहिल्या.

"अध्यक्षसाहेब, सहीआधी ते पाकीट उघडा."

अध्यक्षांनी खिसे चाचपले. पाकीट सापडलं. त्यांनी वाचलं: "एक, पुढच्या महिन्यात कान दुखण्यात फरक दिसणार नाही. दोन, जुलाब कडेवाल्या घरांत जास्त होतील, कारण तिथे थेंब बंद आहेत. यातलं एकही चुकलं, तर टाकीवर चढून कडं मी बसवीन."

"ओहो! बाईंना पण भविष्य कळायला लागलं!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"भविष्य नाही, पैज आहे. ही दुसऱ्या महिन्याची वही. डॉक्टरसाहेब वाचतील, अध्यक्ष फळ्यावर रेघा मारतील. मी हात लावणार नाही."

डॉक्टरसाहेबांच्या हातात माईक आला, तेव्हा ते पहिल्यांदाच स्वतःशी सहमत झाले आणि वाचू लागले. रेघा वाढत गेल्या. कान दुखणे: कडेवाली घरं नऊ, साधी घरं आठ.

चुंबकानंद खाकरला. "कानाचं सोडा हो. कानात लहरी उशिरा पोचतात. खोकला बघा, खोकला!"

"बघा मंडळी," नर्सबाई म्हणाल्या, "कावळा उडाला दुसऱ्या फांदीवर! पहिल्या महिन्यात ह्यांनी एकवीस आजार तपासले. विसांत काही नाही. जी एक फांदी मोडली, तेवढीच पडद्यावर. याच हिशेबाने गुलाबी कार्डाने उवा जातात. हवं तर दाखवते, मलाही तारा मिळालाय."

आता हशाने दिशा बदलली होती. पण डॉक्टरसाहेब जुलाबाच्या रकान्यावर आले आणि हसू विरत गेलं. साधी घरं: चार. कडेवाली घरं: दहा... बारा... पंधरा. खडूचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने सासूबाई उठल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"सोळावी रेघ मार रे. आमची नात. हिला न सांगता मी थेंबाचं पाणी ओतून देत होते. चार दिवस पोर निपचित पडली होती."

अध्यक्षांनी खडू उचलला. सगळं सभागृह आता नर्सबाईंच्या बाजूला होतं. आणखी एक रेघ, आणि विजय दणक्यात झाला असता.

"नको," नर्सबाई म्हणाल्या. "आई, आपली पोर त्या दोनशे चाळीस मुलांत नाही. ती रेघ धरायची नाही."

"अगं, पण खरं आहे ते! तुझीच लेक ना ती?"

"माझीच. म्हणून तर नको. सोयीची दिसली की रेघ ओढायची, तर माझ्यात आणि ह्यांच्यात फरक तो काय?"

अध्यक्षांनी खडू खाली ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. चुंबकानंद मागच्या दाराने शिस्तीत बाहेर पडला. इतक्या शिस्तीत त्याचं पाणीही कधी वाहिलं नसेल.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्याकडे कोणी तारा घेऊन आला, तर हात जोडू नका, बोटांवर मोजा. त्याला विचारा: फांद्या किती होत्या? कोणती मोडणार, हे आधी सांगितलं होतंस की मोडल्यावर? कावळा पुन्हा बसवून दाखवशील का? तीन साधे प्रश्न. ते विचारायला संगणक लागत नाही, पाचशेजणांत उभं राहायचं धाडस तेवढं लागतं.

सासूबाईंनी घरचं कडं दवाखान्याला देऊन टाकलं. क्लोरीन वाटपाची नोटीस ते लोखंडी कपाटावर घट्ट धरून ठेवतं. या कामात ते पूर्ण सिद्ध झालंय, आणि त्याला तारा लागला नाही.